पन्नाशीत कन्नड पाट्या वाचायला कसे शिकावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी शाळेत शिकलेली माझ्या वयाची बरीच माणसे कन्नड बोलतात, निदान समजून तरी घेतात. ती बाजारात घासाघीस करतात, शेजाऱ्याचे सुखदुःख विचारतात, पण बसची पाटी समोर आली की बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात. सीमाप्रश्नाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो; आपली बस कोणती हे स्वतः वाचता येणे ही निराळी सोय आहे. मी पन्नाशी ओलांडल्यावर ही लिपी शिकायला घेतली आणि दोनदा सोडून दिली, कारण दोन्ही वेळा परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी सगळी बाराखडी एका दमात घोकली होती. तिसऱ्या वेळी स्मरणशक्ती कशी चालते ते आधी समजून घेतले आणि त्यानुसार जी रीत बसवली, ती येथे देत आहे.

प्रथम, वर्णमालेपासून सुरुवात करू नये. क, ख, ग, घ हा क्रम कन्नडमध्येही आपलाच असल्यामुळे तो नव्याने शिकायचा नाही; शिकायच्या आहेत त्या आकृत्या, आणि त्या एका वेळी फार थोड्या घ्याव्यात. मनात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ‘सातच्या आसपास’ असे दिले होते, तर नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणून दिवसाला तीन किंवा चारच अक्षरे घ्यावीत आणि तीही ओळखीच्या नावांतून घ्यावीत. कन्नड पाटीवर ‘बेळगावि’ असे लिहिलेले असते. त्यात ब, ळ, ग, व ही चार व्यंजने मिळतात. दुसऱ्या दिवशी ‘वडगावि’ घेतले की नवे व्यंजन फक्त ड, कारण ‘गावि’ हा तुकडा आता अखंड ओळखू येतो आणि मनात दोन अक्षरांची नव्हे, तर एकाच वस्तूची जागा घेतो. पुढे ‘खानापुर’, मग ‘शहापुर’, जिथे ‘पुर’ आयता मिळतो, आणि शेवटी ‘निप्पाणि’ व ‘गोकाक’. या सहा नावांत तेरा व्यंजने होतात. नावे आधीच डोक्यात असल्यामुळे नव्या आकृतीला टांगायला खुंटी मिळते. नवी माहिती जुन्या माहितीला जोडली गेली तर टिकते, हे आपण एरवीही अनुभवतो.

दुसरी गोष्ट कार्डांची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्याव्यात, एका बाजूला कन्नड अक्षर काढावे आणि मागे देवनागरी लिहावे. कार्ड पाहून लगेच मागची बाजू उलटू नये. उत्तर येवो न येवो, चार-पाच सेकंद डोक्याला ताण द्यावा आणि उच्चार तोंडाने करावा. सगळ्या रीतीचा गाभा हाच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर इतरांनी तो एकदा वाचून नंतर आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ‘पाठ झाले’ असे समजतो. माझे पहिले दोन प्रयत्न याच समजुतीने वाया गेले.

आता उजळणी केव्हा करावी? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे तो मोजत असे. तासाभराने ही बचत निम्म्याहून खाली आली, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश उरली, पण महिन्यानंतरही ती सुमारे एक पंचमांश होती. घसरण सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे मंदावते, हे लोक नेहमी सांगतात. महिन्यानेही पाटी पूर्ण कोरी होत नाही, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. म्हणून अक्षर थोडे पुसट होऊ लागले असतानाच ते आठवून पाहावे. यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत सोपी पडते. मी कुंदा या बेळगावी मिठाईची चार रिकामी खोकी वापरली (ती रिकामी होण्यासही काही दिवस लागले). पहिल्या खोक्यातील कार्डे रोज पाहायची, दुसऱ्यातील तीन दिवसांनी, तिसऱ्यातील आठवड्याने, चौथ्यातील पंधरवड्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात जाते, चुकले की थेट पहिल्यात परत येते. उजळणी शक्यतो झोपण्यापूर्वी करावी. जागेपणी जितके विसरते तितके झोपेत विसरत नाही, हे १९२४ सालच्या प्रयोगापासून माहीत आहे.

सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी घेऊ नयेत, कारण एकाची आठवण दुसरीला धक्का देते. व आणि प ही जुळी भावंडे आहेत, फरक काय तो माथ्याजवळ. व-ला उजवीकडे वर वळणारी शेपटी दिली की म-सारखे दिसते. एक पक्के झाल्यावर आठवड्याने दुसरे घ्यावे, आणि दोन्ही जमू लागली की मुद्दाम सरमिसळ करून पाहावीत. द आणि ध, ड आणि ढ, ब आणि भ यांत मात्र नियमच आहे: पोटाखाली छोटी रेघ आली की महाप्राण.

प्रत्येक अक्षर हाताने दहा वेळा तरी काढावे. हाताची आठवण ही वेगळी व्यवस्था आहे. १९५३ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. तरीही आरशात पाहून तारा गिरवण्याचे काम तो रोज अधिक सफाईने करू लागला, आणि हे काम आपण पूर्वी केले होते हे मात्र त्याला आठवत नसे. आपल्याकडे हातांवर फिरवत मांडा मोठा करून खापरावर टाकणाऱ्या बाईला कृती विचारली तर ती म्हणते, ‘सांगायला येत नाही, बघा’. तिचे ज्ञान हातात असते.

तिसऱ्या आठवड्यापासून घराबाहेर पडावे. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाण्यात बुडी मारणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले. टेबलावर ओळखलेले अक्षर हलत्या बसवर, रंगाऱ्याच्या वळणात, गर्दीत ओळखता आले पाहिजे. दुकानांवर ‘अंगडी’, बसथांब्यावर ‘निल्दाण’, दवाखान्यावर ‘आस्पत्रे’, दारावर ‘प्रवेशविल्ल’ असे कानाला परिचित शब्द शोधत चालावे. अडल्यास ‘अण्णा, इदु याव अक्षर?’ असे विचारावे. मला आजवर कोणी हसले नाही.

येथे एक सावधगिरी. मन अर्धी पाटी वाचते आणि उरलेली स्वतःच्या अपेक्षेने भरते. एकदा शेवटचा ‘पुर’ पाहून मी खानापूरची समजून बसमध्ये बसलो आणि तिकीट काढताना कळले की ती विजयपुरला निघाली होती. पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आलो. तेव्हापासून पहिले अक्षर सोडून वाचत नाही. खात्रीने केलेली चूक दुरुस्त झाली की ती दुरुस्ती चांगली लक्षात राहते.

जोडाक्षरे सर्वांत शेवटी घ्यावीत. त्यांत दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लहान आकारात बसते, ‘निप्पाणि’मधील दुसऱ्या प-सारखे, आणि काहींचे ते रूप मूळ अक्षरापेक्षा अगदी निराळे असते, अशांसाठी स्वतंत्र कार्डे करावीत. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांतील फरक पाटी वाचण्यापुरता सुरुवातीला सोडून दिला तरी चालतो. कन्नड अंकांपैकी २ आणि ३ आपल्या अंकांच्या बरेच जवळ असल्याने लगेच येतात. ६ आणि ९ यांची कार्डे मात्र माझ्याकडे अजून पहिल्याच खोक्यात आहेत.