रंग नंतर, आधी ट्रान्सम: जुनी मोटरबोट हिडकलच्या पाण्यात उतरवण्याआधी

जुनी फायबर बोट घ्यायची तर आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून मालवण, वेंगुर्ला नाहीतर गोवाच गाठावा लागतो. चौदा-सोळा फुटी बोट, मागे २५ नाहीतर ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. बोट अंगणात उतरली की जो तो पहिल्यांदा रंगाचा डबा आणतो, गाद्या शिवायला टाकतो. हे बंद करा. बोटीची मागची फळी, म्हणजे इंजिन जिच्यावर टांगलेलं असतं ती ट्रान्सम, आधी तपासा. बाकी सगळी बोट कितीही देखणी केलीत तरी इंजिन या एका फळीवरच ढकलतं आणि तिच्यावरच लटकतं.

बोट घेतानाच इंजिन वर टिल्ट करून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्या आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघा. कड जराही हलली तर आतलं लाकूड गेलंय. प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून ऐका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. तरीही शंका असेल तर आतल्या बाजूने, अगदी खाली, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिका आला तर ठीक. काळा, ओला, आंबूस वासाचा आला तर पुढचं सगळं वाचा.

बोट समुद्रात चाललेली असली की लोक म्हणतात, खाऱ्या पाण्याने लाकूड खाल्लं. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात फारशी टिकत नाही, तिला गोडं पाणी लागतं. कव्हर न घालता एक पावसाळा उघड्यावर ठेवलेली बोट बोल्टच्या भोकांतून पाणी पिते आणि आतून सडते. आपल्याकडचा पाऊस तर सगळ्यांना माहीत आहेच.

ट्रान्सम बदलणं

आधी दोन सल्ले बाजूला ठेवा. पहिला, भोकं पाडून आत रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारा चिकट द्रव, ओतायचं. ओल्या, कुजक्या लाकडाला रेझिन धरतच नाही, आत नुसते खडे तयार होतात. दुसरा, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमची पत्री लावून बोल्ट आवळायचे. पत्रीमुळे कुजलेलं दिसेनासं होतं, एवढंच. भर पाण्यात इंजिन फळीसकट निखळलं तर मागून पाणी आत यायला वेळ लागत नाही. या दोन्ही सल्ल्यांवर मी आता वादसुद्धा घालत नाही.

कामाचे दिवस म्हणजे दिवाळी झाल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचे. मृगापासून हस्तापर्यंत फायबरचं काम काढूच नका, हवेतली ओल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. थंडीतही सकाळी ऊन चढल्यावरच सुरुवात करा. पारा १५ अंशांखाली असला की पॉलिएस्टर रेझिन रेंगाळतं.

इंजिन उतरवा. ४० हॉर्सपॉवरचं असेल तर दोघांच्या हाताने नको, चेन पुली लावा. बोट सपाट टेकवून दोन्ही बाजूंना पट्टा आवळून बांधा, कारण ट्रान्सम काढली की बोटीचा मागचा भाग फाकतो आणि मग नवी फळी बसत नाही. वरच्या कडेची उंची लिहून ठेवा. शॉर्ट शाफ्ट इंजिनाला साधारण १५ इंच, लाँग शाफ्टला २० इंच लागतात. ही उंची चुकली तर पंखा हवा पितो नाहीतर विनाकारण खोल बुडतो.

कापायचं ते आतलं फायबर, बाहेरचं नाही. बाहेरचं राखलं की तोच साचा होतो आणि मागचा आकार, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) शाबूत राहतो. कडेने तीन बोटं पट्टी सोडून ग्राइंडरने कापा, पातं आतल्या थरापुरतंच खोल ठेवा. मग पटाशी आणि हातोडी. काही ठिकाणी लाकूड चिखलासारखं हाताने निघेल, काही ठिकाणी तासभर झगडावं लागेल. सगळं काढायचं. "एवढं राहिलं तर चालेल" असं म्हणणारा सुतार कामावर ठेवू नका. नंतर आतला पृष्ठभाग ३६ नंबरच्या कागदाने घासा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. फायबरची धूळ अंगाला खाजवते आणि श्वासातून आत गेली तर त्रास देते.

आता ज्या ठिकाणी मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते: वाळवणं. वरून कोरडं दिसणारं फायबर आत ओल धरून असतं. त्यावर एक हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या आतून थेंब दिसले की अजून ऊन द्या. घाई करायला लावणारे शेजारी खूप भेटतात. त्यांना चहा द्या आणि परत पाठवा.

नवी फळी आयएस ७१० चिन्हाच्या मरीन प्लायचीच घ्या. खडेबाजारात कमर्शियल प्लाय "हेच वापरतात सगळे" म्हणून पुढे करतील, ऐकू नका. ७१० म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटत नाहीत असं प्लाय. विश्वास बसत नसेल तर तुकडा घरी पातेल्यात उकळून बघा. १८ मिलिमीटरचे दोन थर एकावर एक चिकटवले की ३६ होतात. पण आधी जुन्या ट्रान्समची जाडी मोजा, तेवढीच ठेवा. कडा आणि भोकं रेझिनने आधीच सील करा, कारण कडेतूनच प्लाय पाणी पितं.

रेझिन मिसळताना गडबड नको. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, १ ते २ टक्के, म्हणजे एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. ऊन चढलेलं असेल तर १ टक्क्याजवळ राहा, पण खाली जाऊ नका, नाहीतर रेझिन कायमचं अर्धवट राहतं. एका वेळी अर्धा किलोच कालवा. बादलीत जास्त ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडायला लागतं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) आणि हार्डनर कधीही, कोणत्याही कारणाने, थेट एकत्र आणू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरकडे जा, बुबुळ जायची वेळ येते.

बाहेरच्या फायबरला आतून रेझिनने भिजवलेलं मॅट, म्हणजे काचतंतूंचा थर, लावा, त्यावर सिलिकाने घट्ट केलेलं रेझिन पसरा, श्रीखंडाइतकं. फळी दाबून बसवा, लाकडी आडव्या पट्ट्या देऊन शिकंजे आवळा. चारी कडांनी रेझिन बाहेर यायलाच हवं. जिथे आलं नाही तिथे पोकळी आहे. फळी काढा, पुन्हा लावा, अजून वेळ आहे.

कोपरे गोलाकार भरून घ्या. मग ४५० ग्रॅमचं मॅट आणि रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं जाड कापड) रेझिनने भिजवून आलटून पालटून. प्रत्येक थर बोटीच्या बाजूंवर किमान १० ते १५ सेंटिमीटर चढवायचा. रोलर फिरवा. पांढरे ठिपके दिसले की हवा अडकली. सगळे थर एकाच दिवसात चढवा. रात्र मध्ये गेली तर पुन्हा घासा.

बोल्टची भोकं हीच जुनी फळी कुजायची सुरुवात असते. १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर २० मिलिमीटरचं भोक पाडा, घट्ट रेझिनने भरा, कडक झालं की त्यात १२चं भोक पुन्हा पाडा. बोल्ट बसवताना पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिलिकॉन नाही. इंजिन आठवडाभरानेच चढवा.

बाकीचं

इंजिनात पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी फिरवणारं रबरी चक्र, बदला. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर सील गेलंय. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदला आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नका. टू-स्ट्रोक असेल तर बोटीच्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू ३ ऑइलच, लिटरला २० मिली, पण आधी इंजिनाचं पुस्तक बघा. स्कूटरचं ऑइल नको. वायरिंग, फ्लोअर, गाद्या, रंग, तुमच्या आवडीने.

पाण्यावर

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांवर बंधाऱ्यांची रांग आहे. बंधाऱ्याच्या वर-खाली बोट अजिबात नेऊ नये, आणि पावसाळ्यात तर कृष्णेचं नावच काढू नका. २०१९ सालचा महापूर चिकोडी-अथणीकडच्यांना सांगायला नको. राकसकोपचं पाणी शहराच्या नळाला येतं, तिथे इंजिन नको. धूपदाळचा जलाशय पक्षी अभयारण्यात येतो, तोही सोडा. उरतं हिडकल, घटप्रभेवरचा राजा लखमगौडा जलाशय, ५१ टीएमसीचा. बोट घेऊन जाण्याआधी धरणाच्या कार्यालयात लेखी परवानगी मागा आणि २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखालच्या नोंदणीची चौकशी करा.

ऑक्टोबरात तलाव भरलेला असतो, तोच काळ चांगला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, आणि त्याच्यासारख्याच जुन्या भिंती, झाडांचे बुंधे पाण्याखाली बोटीच्या वाटेत थांबलेले असतात. दड्डीकडच्या अरुंद पाण्यात तर मासेमारीची जाळीही असतात. काठाजवळ वेग कमी, आणि एक माणूस पुढे बसून पाण्यात बघणारा हवाच. चैत्र-वैशाखात दुपारी दोनच्या आत काठाला लागा, वळवाचा वारा सूचना देत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातलेलं हवं, बाकाखाली रचलेलं नाही. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला बांधा.

पहिल्या फेरीनंतर बोट बाहेर काढलीत की ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी बाहेर काढायचं बूच) उघडा आणि इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळा, नवी फळी थोडी बसते. ट्रान्समच्या आत हात घालून बघा. कुठे ओल लागली तर तोच बोल्ट काढून सीलंट नव्याने भरा आणि तोवर पुढचा रविवार रद्द करा.