मथळ्यासाठी जाड, अरुंद फॉन्ट कसा बसवावा

जाड आणि अरुंद फॉन्ट मी एकाच कारणासाठी वापरतो: आडवी जागा कमी आहे आणि शब्द तर मोठा दिसायला हवा. पोस्टरचा मथळा, व्हिडिओचं थंबनेल, पुस्तकाचा कणा. जागा ऐसपैस असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

साधा बोल्ड फॉन्ट आडवा दाबून काम भागवणं मला अजिबात पटत नाही. रुंदी ७० टक्क्यांवर आणली की काने-दंड त्याच प्रमाणात बारीक होतात, शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षरं डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालांसारखी दिसतात. मुळातच अरुंद रेखाटलेला फॉन्ट घ्या. देवनागरीत ‘तेको’, ‘खंड’ आणि ‘अनेक देवनागरी’ हे फॉन्ट मोफत मिळतात. ‘अनेक’ व्हेरिएबल आहे, म्हणजे रुंदी आणि जाडी वेगवेगळी सरकवता येते. रोमनसाठी, म्हणजे इंग्रजी अक्षरांसाठी, अँटन आणि बेबस न्यूए. (मीममुळे बदनाम झालेला इम्पॅक्ट १९६५ मध्ये छपाईच्या धातूच्या खिळ्यांत आला होता; तो वाईट नाही, वापरून वापरून चोथा झालाय.)

वेबवर एक जागा सांभाळा. अँटनला एकच वजन (जाडीची पायरी) आहे, ४०० म्हणजे रेग्युलर. हेडिंगला ब्राउझर स्वतःहून बोल्ड लावतो, ते वजन फाइलीत नसतं, मग तो अक्षरं कृत्रिमरीत्या फुगवतो. हेडिंगचं वजन (font-weight) ४०० लिहून टाका.

आता खरी परीक्षा. नमुन्यातल्या गोड शब्दांवर जाऊ नका, आपलाच मजकूर टाका आणि काळ्याऐवजी अक्षरांच्या पोटातला पांढरा भाग बघा. ‘ष’मधली तिरकी रेघ सुटी दिसते का? ‘राष्ट्र’ आणि ‘उद्ध्वस्त’ यांचा गोळा होतो का? मथळा जिथे सगळ्यात लहान दिसणार आहे, त्या आकाराला हे तपासा. पांढरं बुजत असेल तर जाडी एक पायरी उतरवा. आकार वाढवायला जागा असती तर हा फॉन्ट घेतलाच नसता.

देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेघ तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. रोमन कॅपिटलना यातून सूट आहे.

ओळींतलं अंतर मात्र हाताने बघावं लागतं. बेबसमध्ये लहान लिपीची अक्षरंच नाहीत, त्यामुळे अक्षराच्या आकाराच्या ०.९ पट अंतर सुद्धा चालतं. देवनागरीत वरच्या ओळीचा ‘द्रू’ आणि खालच्या ओळीचा ‘र्थी’ समोरासमोर आले की टक्कर ठरलेली. मी १.१५ पटीपासून वर सरकवत नेतो. तरीही टक्कर होत असेल तर सगळं अंतर वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या शब्दापाशी तोडून बघा, बहुतेकदा तेवढ्यात भागतं.

मथळ्यात दोन्ही लिप्या असतील तर रोमन कॅपिटलची उंची शिरोरेघेपर्यंतच आणा. आणि खालच्या तारीख-वेळेच्या ओळीला साधी रुंदी, रेग्युलर वजन द्या.