रात्री तीनची पुत्सिन

मॉन्ट्रियालला आलात की पहिल्या महिन्यातच कुणीतरी तुम्हाला पूटीन खायला नेणार. क्युबेकची (मॉन्ट्रियाल ज्या प्रांतात आहे तो) माणसं तिला 'पुत्सिन' म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. (फ्रेंचमध्ये रशियाच्या पुतिनचं स्पेलिंगही हेच आहे. त्यावरचे विनोद इथे सगळ्यांचे करून झालेत.)

बटाट्याचे फ्राइज, वर चीजचे गोळे, त्यावर गरम तपकिरी ग्रेव्ही. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून क्युबेकच्या छोट्या गावांतल्या टपऱ्यांवर हे मिळू लागलं. पहिला मान आपला म्हणून वॉरविक आणि ड्रमंडव्हिल अजून भांडतात; मिसळीवरून कोल्हापूर-पुण्याचं चालतं तसंच.

मॉन्ट्रियालच्या रॅशेल रस्त्यावरचं 1968 सालचं ला बान्कीझ हे रेस्टॉरंट सगळ्यांना माहीत असतं, तिथे तीसच्या वर प्रकार आहेत. पण पारख शिकायची तर एखाद्या जुन्या, रात्रभर उघड्या डायनरमध्ये जा आणि साधीच मागवा. वर सॉसेज, ग्वाकामोले वगैरे आलं की खालचं काय बिघडलंय ते कळत नाही.

आधी चीज. ताटलीतला एक गोळा ग्रेव्हीपासून वाचलेला असतो, तो उचलून चावा. ओल्या फरशीवर नवी रबरी चप्पल वाजावी तसा दाताखाली आवाज आला, तर चीज ताजं. फ्रिजमध्ये राहिलं की हा आवाज जातो. म्हणून इथल्या दुकानांत त्याच दिवसाच्या चीजच्या पिशव्या चक्क काउंटरवर, बाहेरच ठेवलेल्या दिसतील, घाबरू नका. किसलेलं मोझरेला घातलं असेल तर मुकाट्याने खा आणि पुन्हा तिकडे जाऊ नका.

ग्रेव्ही कढत हवी, पण चीजच्या फक्त कडा सैल पडाव्यात, गोळा शाबूत राहावा. फ्राइज दोनदा तळलेले, गडद रंगाचे. तर्रीत फरसाण मऊ पडायच्या आत आपण मिसळ संपवतो ना, तीच घाई इथेही. तळाचा फ्राय काट्यावर ताठ राहिला तर त्या आचाऱ्याला माझ्याकडून शंभर मार्क.

शाकाहारी असाल, बीफ खात नसाल, तर हे आधी वाचा: ग्रेव्ही बहुतेक वेळा बीफ किंवा चिकनच्या स्टॉकची असते. आमच्या पहिल्या हिवाळ्यात एका डायनरमध्ये मी 'मीट नाही ना?' एवढंच विचारलं. वेट्रेस 'नाही' म्हणाली, आणि तिचं खोटंही नव्हतं, मांसाचा तुकडा नव्हताच. अर्धी ताटली संपल्यावर रूममेटने सांगितलं. तेव्हा थेट 'सोस व्हेजेतारियेन?' असं विचारा. नसेल तर अंडं-टोस्ट मागवा.

बार तीनला बंद होतात, त्यानंतर तासभर रांग असते. पण तळणीचं तेल आणि चीज तेव्हाच सगळ्यात भराभर हलतं, म्हणून मी त्याच वेळी जातो. मेट्रो तोवर बंद झालेली असते. तीनशेच्या घरातल्या नंबरांच्या रात्रीच्या बस पकडा.

बिलावर 5 आणि 9.975 टक्के असे दोन कर लागतात. त्यांची बेरीज जवळपास 15, म्हणजे कराएवढीच टिप ठेवली की हिशेब मिटला.

उरलेली मात्र बांधून घेऊ नका. मी एकदा डब्यात ऑफिसला नेली होती. मायक्रोवेव्हमधून जे निघालं त्याला शेजारच्या टेबलावरच्या क्युबेकी बाईंनी एकदा पाहिलं, आणि स्वतःचं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.