जुन्या ब्रिटिश मोटारींचे मीटर दुरुस्त करायला शिकताना

डॅशबोर्डवरील मीटरांचे काम शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीला मीटर उघडू देत नाही. काटा चुकीचे दाखवतो म्हणजे मीटरच बिघडला, असे गृहीत धरून उघडलेल्या मीटरांत तबकडीवरची मूळ अक्षरे खरवडली जातात, काटा वाकतो आणि खरा दोष मात्र गाडीत तसाच राहतो.

माझ्याकडे मुख्यतः 1950 व 1960च्या दशकांतील मॉरिस आणि एमजी गाड्या येतात, ज्यांत स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे मीटर असतात. 1960च्या दशकातील पेट्रोलचा काटा इग्निशन चालू करताच उडी न मारता सावकाश चढत असेल, तर आत तापून वाकणारी द्विधातू पट्टी आहे असे समजावे. अशा मीटरांना डॅशबोर्डमागची एक छोटी डबी, म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर, संपर्क सतत जोडत-तोडत सरासरी 10 व्होल्ट पुरवते. या डबीचे अर्थिंग गंजाने तुटले की तिच्या आतली पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो आणि पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात. म्हणून पेट्रोल आणि विजेवर चालणारा तापमानाचा मीटर हे दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर प्रथम ही डबी तपासावी; एकच चुकत असेल तर त्याचा सेंडर (टाकीतील पातळी किंवा इंजिनाचे तापमान मीटरला कळवणारा भाग), वायर किंवा तो मीटर संशयित ठरतो. पेट्रोलच्या सेंडरची वायर काढून सेंडरच्या जागी सुमारे 68 ओहमचा रोध लावल्यास निरोगी मीटरचा काटा अर्ध्याच्या आसपास थांबतो. हा रोध आधी घट्ट जोडावा आणि मगच इग्निशन चालू करावे, कारण टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये.

डबीऐवजी 7810 हे स्थिर 10 व्होल्ट देणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येते आणि मी ते बसवतोही. मात्र त्या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आणि द्विधातू डबीला न जाणवणारा हा फरक रेग्युलेटरला चालत नाही.

स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर आधी केबल पाहावी. ग्रीस हलकेच लावावे आणि मीटरकडचे टोक कोरडे ठेवावे, अन्यथा ग्रीस वर चढून फिरत्या चुंबकाभोवतीच्या, काटा हलवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वाटीपर्यंत पोहोचते. बदली मीटर घेताना तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला, एका मैलात केबल किती फेरे घेते हे सांगणारा आकडा जुळवावाच लागतो. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल बदललेले असेल तर मीटरकडून केबल सोडवावी, गाडी न्यूट्रलमध्ये 16.09 मीटर सरळ ढकलावी आणि केबलच्या आतील तारेचे फेरे मोजून त्यांना शंभराने गुणावे.

अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या जुन्या तबकड्यांबाबत मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. त्या रंगात रेडियम असू शकते, त्याचा अर्धायुकाल सुमारे 1,600 वर्षे आहे, आणि चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही. असा मीटर उघडू नये, रंग खरवडू नये. किरणोत्सर्ग मोजण्याची सोय असलेल्या जागी तो आधी तपासून घ्यावा.

मूळ मीटर बदलावाच लागला, तर त्यावरील मैलांचा आकडा मालकासमक्ष नोंदवून त्याचे छायाचित्र ठेवावे आणि जुना मीटर त्याला परत द्यावा.