वंशावळीतल्या हिब्रू नावांचे अर्थ लावताना या चुका टाळा

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा नावं येतात. त्यांचे अर्थ ओळीनं मांडले की तारणाचा संदेश तयार होतो, असा मजकूर प्रवचनांत आणि व्हॉट्सॲपवर फिरत असतो. साखळी देखणी आहे, पण ओढून पाहिली की काही कड्या निसटतात.

केनान म्हणजे 'शोक', असं त्यात सांगतात. हिब्रूत विलापगीताला 'किना' म्हणतात, त्यावरून हे जुळवलंय. किनाच्या शेवटी 'हे' हे अक्षर येतं, तर केनानच्या शेवटी दोन 'नून' येतात. बायबलमधल्या शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात केनान 7018 आणि किना 7015. क्रमांक जवळ दिसतात ते केवळ वर्णक्रमामुळे. लामेख म्हणजे 'निराश', यालाही हिब्रूत आधार नाही.

मराठी स्पेलिंगवरून धातू कधीही शोधू नका. हनोखचा 'ह' म्हणजे 'खेत' हे अक्षर आणि हाबेलचा 'ह' म्हणजे 'हे'. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. हनोखचा धातू समर्पणाचा, हनुक्का सणाच्या नावातलाच. हाबेल म्हणजे वाफ, श्वास; बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकात 'व्यर्थ' म्हणून वारंवार येतो तोच शब्द. म्हणून आधी हिब्रू अक्षरं उतरवून घ्या, मग कोश उघडा.

शास्त्रातच अर्थ दिलाय म्हणजे व्युत्पत्ती मिळाली, असंही समजू नका. उत्पत्ती 5:29 मध्ये नोहाचा बाप लामेख नोहाचं नाव 'सांत्वन' या शब्दाशी जोडतो. त्या धातूत नून, खेत, मेम आहेत. नोहात मेमच नाही. नाव 'विसावा' या धातूकडे झुकतं. हा श्लेष आहे, आणि लेखकानं तो मुद्दाम साधलाय. 4:25 मध्ये शेथच्या नावाशीही असाच खेळ आहे. वहीत धातूचा अर्थ आणि मजकुरातला श्लेष वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

सर्वांत आवडती चूक मथुशलहची. 'तो मेल्यावर येईल', म्हणजे जलप्रलय, असा अर्थ लावतात. हिशेब जुळतोही : लामेख जन्मला तेव्हा मथुशलह 187 वर्षांचा, नोहा जन्मला तेव्हा लामेख 182 चा आणि प्रलय आला तेव्हा नोहा 600 चा; 187 + 182 + 600 = 969, म्हणजे मथुशलहचं पूर्ण आयुष्य. पण 'मथु' हा 'पुरुष' या जुन्या शब्दाशी अधिक नीट बसतो आणि 'शलह' म्हणजे फेकायचं शस्त्र. शिवाय सेप्टुअजिंट या जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत हेच आकडे 167 + 188 + 600 = 955 असे येतात आणि 969 वर्षं जगणारा मथुशलह प्रलयानंतरही 14 वर्षं उरतो. नावात प्रलयाचं भाकीत वाचणाऱ्यानं आधी हिब्रू आणि ग्रीक यांतला कोणता पाठ धरलाय, ते सांगावं.