लेक माहेरी परतली : पहिल्या तीन महिन्यांत घरच्यांनी काय करायचं

व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या नवऱ्याच्या घरातून मुलगी बाहेर पडली की माहेरी आठ दिवस एकच चर्चा चालते : त्याला नक्की झालंय तरी काय? कुणी 'नार्सिसिस्ट' (स्वतःलाच मोठं मानणारा) म्हणतं, कुणी 'बॉर्डरलाइन' (भावना टोकाच्या, नाती अस्थिर), कुणी सरळ 'सायको'. ही चर्चा थांबवा. निदान मानसिक आरोग्याचा प्रशिक्षित तज्ज्ञच करू शकतो, तेही त्या माणसाला प्रत्यक्ष तपासून. शिवाय असा विकार असलेला प्रत्येक माणूस छळ करतोच असं नाही. योग्य उपचारांनी बॉर्डरलाइनची कितीतरी माणसं सावरतात. तो काय वागला आणि कधी वागला, एवढंच तुमच्या कामाचं आहे. पुढे न्यायालयात करायच्या अर्जातही तेच लिहायचं असतं. हातात निदान नसताना 'मनोरुग्ण' असं लिहून दिलं तर उलट तिच्याच अंगाशी येतं.

आता तिच्याकडे बघा. स्वतःच्या आईच्या घरात फ्रिज उघडण्याआधी ती विचारते. दूध उतू गेलं तर ओटा पुसता पुसता चार वेळा 'सॉरी' म्हणते. जेवायला काय करू म्हटलं तर 'काहीही चालेल'. वर्षानुवर्षं प्रत्येक लहानसहान निवडीवरून बोलणी बसली की माणूस निवड करणंच सोडून देतो. नेमकं इथेच माहेरचं प्रेम आडवं येतं. वडील वकील ठरवून मोकळे होतात, भाऊ फोन काढून घेतो, आई शेजारी काय सांगायचं ते परस्पर सांगून टाकते. तिकडे तो ठरवायचा, इकडे तुम्ही ठरवता. तिच्या हाती काय आलं? म्हणून 'काय हवं?' असं मोघम विचारू नका. दोनच पर्याय द्या : पोहे की उपमा? आणि उत्तराची वाट बघा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पैशांचे आणि कागदपत्रांचे निर्णय तिच्यासमोर ठेवा. वकिलाकडे सोबत जा, पण बोलू तिला द्या. ती अडखळली तरी वाक्य तुम्ही पुरं करू नका.

पहिल्या दोन-तीन दिवसांत फोन आणि खाती बघायला हवीत. त्याआधी एक खबरदारी : घर सोडल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील, तर सगळे दोर एकदम कापण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याशी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) बोला. मग आधी जुने मेसेज, कॉलची यादी आणि बँकेच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोन आणि मूळ चॅट पुसू नका, पुराव्यासाठी तेच लागतं. त्यानंतर व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस', म्हणजे तिचं खातं आणखी कुठल्या उपकरणांवर उघडं आहे ती यादी, तपासा. गूगल खात्याचा पासवर्ड बदला, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल बदला, मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद करा. यूपीआयचा पिन बदला, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. पटकन लक्षात न येणाऱ्या जागाही असतात : फास्टॅग त्याच्या नावावर असेल तर प्रत्येक टोलनाक्याचा मेसेज त्याला जातो, आणि खाद्यपदार्थ मागवायचं ॲप दोघांचं एकच असेल तर तुमचा पत्ता त्यात दिसतो.

मग मेसेज सुरू होतात. आधी शिव्या, मग माफी, मग आजारपण, मग 'मी जिवाचं काहीतरी करून घेईन'. जिवाची भाषा आली तर ती खरी धरा, पण तिला तिकडे पाठवू नका. 112 ला कळवा आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकाला फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही त्याला द्यायला सांगा. एरवी उत्तर दिवसातून एकदाच, लेखी, चार ओळींच्या आत, आणि फक्त मुलांबद्दल किंवा वस्तूंबद्दल. समजा त्याने लिहिलं, 'तू मुलाला माझ्यापासून तोडलंस, तुझ्या आईने कान भरले.' यावर सुचणारं उत्तर असं असतं : 'आईचा काही संबंध नाही, तूच त्या दिवशी...' हे पाठवलं की रात्रभराचं भांडण सुरू. त्याऐवजी : 'रविवारी 11 ते 1, ठरलेल्या बागेत. मुलाचं औषध बॅगेत आहे.' आरोपाचं उत्तर दिलं नाही म्हणजे आरोप मान्य केला असं होत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

नातेवाइकांची बैठक बोलावू नका. चार वडीलधाऱ्यांसमोर असा माणूस इतका गोड बोलतो की उठताना सगळे म्हणतात, 'एवढा सालस मुलगा, हिचंच काहीतरी चुकत असणार.' तिने बैठकीत उघड केलेली प्रत्येक गोष्ट पुढे तिच्याविरुद्ध वापरली जाते. जोडप्याच्या एकत्र समुपदेशनातही हाच धोका आहे. समुपदेशक निवडताना, दोघांना एकत्र बसवणार का, हे आधीच विचारा. छळ झालाय हे सांगूनही पहिल्याच भेटीत दोघांना बोलावणारा नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तीही विचारून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, त्यामुळे अंगावर वळ असायलाच हवेत असं नाही. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. त्यात संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, पहिला 1984 साली मुंबईत सुरू झाला. पोलिसात तक्रार करायची की नाही हे ठरलं नसेल तरी तिथे जाऊन बोलता येतं. महिलांसाठीची हेल्पलाइन 181. छळ सोसून परतलेला मुलगा असेल तर हा विशिष्ट कायदा त्याला लागू नाही, बाकीच्या गोष्टी बहुतेक तशाच लागू पडतात.

मुलांसमोर बापाला नावं ठेवू नका, आजी-आजोबांनी तर मुळीच नाही. पण 'काही झालं नाही' असंही सांगू नका, मूल डोळ्यांनी पाहून आलेलं असतं. एवढं पुरतं : 'बाबांना राग आवरत नाही. तो तुझ्यामुळे येत नाही.' निरोप मुलाच्या हाती कधीच पाठवायचे नाहीत. भेटीच्या आदल्या दिवशी पोटदुखी किंवा अंथरूण ओलं होणं दिसलं तर तारखेसह वहीत लिहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेला, मुलाला कोण न्यायला येणार, त्यांची नावं लेखी द्या.

तिला परत जावंसं वाटेल. खूपदा वाटतं, कारण तिथे चांगले दिवसही होते आणि ते अधूनमधून, अवचित मिळायचे. अशी ओढ सर्वांत चिवट असते. 'एवढं करून पुन्हा त्याच्याकडे?' हे वाक्य गिळा. ते ऐकल्यावर ती गेलीच, तर पुढच्या वेळी तुम्हाला फोन करणार नाही. म्हणा, 'गेलीस तरी ही किल्ली तुझ्याकडेच राहू दे.' आणि खरोखरच किल्ली द्या.

राहिली आईवडिलांची टोचणी : स्थळ आपणच आणलं. ती खरी आहे, पण तिच्यासमोर काढू नका. तुम्ही रडलात की ती स्वतःचं बाजूला ठेवून तुमचे डोळे पुसायला बसते. हीच सवय तर तिला तिकडे लागली. तिच्यासाठी शोधलेल्या समुपदेशकाव्यतिरिक्त स्वतःसाठी वेगळा शोधा, आणि महिन्यातून दोनदा तिथे जा.