इटलीत काम सांगण्यापूर्वी: प्रश्नांइतकीच उत्तरांचीही तयारी

पासपोर्ट, व्हिसा, प्रवासविमा यांबद्दल वेगळे सांगायला नको. 'ग्रात्सिये' (धन्यवाद) आणि 'पेर फावोरे' (कृपया) हेही सगळे पाठ करतातच. दुकानात पाऊल टाकताच आधी 'ब्वॉनजोर्नो', म्हणजे नमस्कार, म्हणावे, मगच काम सांगावे आणि अनोळखी माणसाला आदरार्थी 'स्कूझी' (माफ करा) म्हणून हाक घालावी, एवढे सांभाळा. मागणीची सुरुवात 'व्होर्रेई'ने, म्हणजे 'मला हवे होते'ने, करा. बहुतेक सगळीकडे ते चालून जाते.

तयारीच्या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि मागच्या खेपेला नेमकी तीच राहिली होती: समोरचा माणूस उलट काय विचारेल, याची तयारी. आपण घोकलेले वाक्य स्वच्छ म्हटले की त्याला वाटते, यांना भाषा येते, आणि तो नेहमीच्या वेगाने बोलू लागतो. म्हणून वहीत प्रत्येक प्रश्नापुढे त्याची संभाव्य उत्तरे लिहा, आणि ती नुसती वाचू नका, कोणाकडून तरी मोठ्याने म्हणवून घेऊन ऐका.

कॉफीचेच पाहा. पुष्कळ बारमध्ये, विशेषतः स्टेशनवरच्या, आधी 'कास्सा'वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरून 'स्कोन्त्रीनो' म्हणजे पावती घ्यावी लागते आणि ती काउंटरवर दाखवावी लागते. तिथे 'आल बांको ओ आल ताव्होलो?' असा प्रश्न येऊ शकतो: उभ्याने घेणार की बसून? बसून घेतल्यास बहुधा जास्त पैसे पडतात, तेव्हा न कळता मान डोलावू नका.

बसचे तिकीट 'टी' अक्षराची पाटी असलेल्या ताबाक्केरीयात, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात, मिळते. रोममधले साधे तिकीट 100 मिनिटे चालते, मिलानमधले 90. विकत घेतले म्हणजे झाले, असे नाही. कागदी तिकिटावर बसमधल्या यंत्रात शिक्का उठवावा लागतो. प्रादेशिक रेल्वेच्या छापील तिकिटावर तो गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात मारायचा असतो. 'दोवे सी तिंब्रा?' (शिक्का कुठे मारायचा?) हे वाक्य पाठच करा. परदेशी असल्याची सबब दंड टाळेलच असे नाही.

औषधाच्या दुकानासाठी सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्याकडची ब्रँडची नावे तिथे कोणी ओळखेलच असे नाही, म्हणून औषधांची मूळ नावे कागदावर लिहून न्या. पॅरासिटामॉल तिथे बहुतेकांना 'ताकिपिरीना' म्हणून ठाऊक असते. औषध मोठ्या माणसासाठी की मुलासाठी, ॲलर्जी आहे का, दुसरी औषधे चालू आहेत का, हे फार्मासिस्ट विचारणारच, आणि पुन्हा सांगतो, हे प्रश्न ऐकून ओळखता आले पाहिजेत. इथे अंदाजाने 'सी', म्हणजे हो, म्हणणे धोक्याचे आहे. दुकान बंद असेल तर दारावर 'फार्माचीया दी तुर्नो', म्हणजे पाळीवर उघडे असलेले दुकान, लिहिलेले असते. जिवावर बेतलेच तर 112.

आकडे हेही उत्तरच. 'सेस्सान्ता' 60 आणि 'सेत्तान्ता' 70 कानाला सारखेच वाटतात, आणि कपडे धुवायला टाकल्यावर 'आल्ले सेदिची ए त्रेन्ता' ऐकू आले तर ते दुपारचे साडेचार, हे तत्काळ उमजायला हवे. तरीही अडलात तर 'मे लो प्वो स्क्रीवेरे?' (लिहून देता का?) असे विचारून वही-पेन पुढे करा. हे वाक्य पहिल्याच पानावर हवे.

शाकाहाऱ्यांनी 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' (मांसाशिवाय, माशांशिवाय) याबरोबर 'सेन्झा ब्रोदो दी कार्ने' (मांसाच्या रश्शाशिवाय) हेही म्हणावे, कारण रिसोत्तो हा भाताचा पदार्थ पुष्कळदा मांसाच्या रश्शात शिजवतात. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, असते, हेही कटाक्षाने पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उरलेले थोडक्यात: पोस्टात आत शिरताच नंबराची चिठ्ठी घ्या, सिमकार्डासाठी पासपोर्ट न्या, दुपारी बरीच दुकाने बंद असतात, 15 ऑगस्टच्या आसपास तर आठवडाभरही. केस कापायला जाताना फोटो दाखवा. आणि तिथेही न्हावी काय विचारील, ते आधी लिहून घ्या.